बाबा ‘ऑन’ एस.टी. स्टँड: इन, ऑन, ॲट आणि अनेकवचनाचा ‘एस’ मुलांना कसा शिकवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेक चौथीत, शाळा सेमी-इंग्रजी. इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली हे तिला पाठ आहे. एकापेक्षा जास्त असलं की ‘एस’ लावायचा, हेही विचारलं की लगेच सांगते. पण स्वतःहून लिहायला बसली की वहीत ‘फाइव्ह बुक इज टेबल ऑन’ असं काहीतरी उतरतं. आई रोज अर्धा तास घोकून घेते, तरी फरक नाही. हिचं व्याकरण कच्चं आहे का, आणि क्लास लावू का?

ताई, क्लासचं नंतर बघू. आधी तिचं ते वाक्य माझ्याबरोबर पुन्हा वाचा. मराठीत आपण म्हणतो, ‘पाच पुस्तकं टेबलावर आहेत.’ क्रियापद सगळ्यात शेवटी. तिने ‘इज’ उचलून मध्ये आणलंय. म्हणजे इंग्रजी वाक्याची चाल तिच्या कानात शिरायला लागलीये, निम्मी वाट चालून झालीये. राहिलं काय, तर ‘ऑन’ची जागा, ‘बुक’चा ‘एस’ आणि ‘इज’च्या ठिकाणी ‘आर’. गंमत म्हणजे या तिन्ही गोष्टी तिला मराठीत उत्तम येतात. ‘पाच पुस्तक टेबलावर आहे’ असं ती मराठीत चुकूनही म्हणणार नाही. मराठीतला माल इंग्रजीत उतरवताना गाडी अडते. तिथे पाठ केलेला तक्ता कामाला येत नाही, कधी कधी उलट आडवाच येतो.

मी तिला पाहिलेलं नाही, म्हणून दोन गोष्टी तुम्हीच तपासा. ती बोलतानाही असंच बोलते की फक्त लिहिताना चुकते? बोलताना ‘ऑन द टेबल’ बरोबर येत असेल तर तिला वाचन-लेखनाचा सराव हवा, पुढचं सगळं तिच्यासाठी नाही. दुसरं, ती ज्या वस्तूंबद्दल लिहिते त्या समोर असतात का? समोर वस्तू नसताना मूल मनात आधी मराठी वाक्य करतं आणि मग शब्दाखाली शब्द ठेवत जातं. समोर वस्तू असली की हे बरंच कमी होतं. बाकी मी जे सांगतेय ते सात ते अकरा वर्षांच्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलांच्या अनुभवावरून. आठवी-नववीच्या मुलांना मी वेगळ्या पद्धतीने शिकवलं असतं.

मी स्वतः हे चुकीचं शिकवलेलं आहे, आणि ते चांगलं लक्षात आहे. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून असायचं, आम्ही शिक्षकही पाचवीत एबीसीडी गिरवलेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मला तिसरी-चौथी एकत्र होती. मी कार्डशीटवर मोठ्या अक्षरांत तक्ता केला: इन – मध्ये, ऑन – वर, अंडर – खाली, नियर – जवळ. पोरं रोज सकाळी तालासुरात म्हणायची. एक दिवस एका मुलाला विचारलं, ‘व्हेअर इज युवर फादर?’ तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, ‘माय फादर आर ऑन एस.टी. स्टँड.’

मी म्हटलं, ‘आर नाही रे, इज. बाबा एकच आहेत ना?’

‘बाई, मग बाबा आहे म्हणू?’ त्याचा चेहरा असा, की मी त्याला शिवी द्यायला सांगितली असावी.

‘आणि ऑन नाही, ॲट एस.टी. स्टँड.’

‘ऑन म्हणजे वरच ना बाई? ते रोज स्टँडवरच असतात. वडापावची गाडी आहे.’ आणि त्याने बोट दाखवलं ते माझ्याच तक्त्याकडे.

पोरगं दोन्हीकडे बरोबर होतं. ‘बाबा आहेत’ हे आदरार्थी बहुवचन त्याने घरून आणलं होतं, आणि ‘स्टँडवर’चं ‘ऑन’ त्याला मीच दिलं होतं. मी तो तक्ता त्या आठवड्यात काढला.

तर आपला हा ‘वर’ किती ठिकाणी राबतो बघा. टेबलावर वही, भिंतीवर घड्याळ, गच्चीवर वाळवण, तिथे इंग्रजी ‘ऑन’ चालतं. डोक्यावर फिरणारा पंखा मात्र कशाला टेकलेला नाही, तो ‘अबव्ह’ किंवा ‘ओव्हर’. झाडावरचं माकड ‘इन द ट्री’, कारण ते फांद्या-पानांच्या आत आहे असं इंग्रजी धरते. स्टँडवर, नाक्यावर, कामावर, विहिरीवर, यांतल्या कशाच्याही माथ्यावर कोणी चढलेलं नसतं, ते सगळं ‘ॲट’. उलट बाजूने आपला ‘त’ही तसाच. डब्यात पोळी ‘इन’, पण बोटात अंगठी ‘ऑन द फिंगर’, आणि पायात चप्पल असेल तर तीही ‘ऑन’. एका मराठी शब्दासमोर एक इंग्रजी शब्द ठेवला की हे सगळं चुकणारच. मूल तक्त्याशी जितकं प्रामाणिक, तितकं जास्त चुकेल.

म्हणून मी शब्दाचा अर्थ सांगणं सोडलं आणि प्रश्न विचारायला लागले. कशाच्या आत आहे? मग इन. कशाला टेकलंय, चिकटलंय? मग ऑन. आत-वर काही सांगायचंच नाहीये, फक्त माणूस कुठे भेटेल ते सांगायचंय? मग ॲट. वडापाववाले बाबा स्टँडवर भेटतात, म्हणून ॲट. घड्याळ भिंतीला टेकलंय, म्हणून ऑन, ते आडवं ठेवलेलं नसलं तरी. अंगठी बोटाला चिकटलीये, म्हणून ऑन. एक ठिकाण असं आहे जिथे मराठीच मदत करते: ‘खोलीच्या कोपऱ्यात’ आणि ‘रस्त्याच्या कोपऱ्यावर’. पहिलं ‘इन द कॉर्नर’, दुसरं ‘ॲट द कॉर्नर’. आपणही तिथे फरक करतोच, फक्त कधी लक्षात घेतलेला नसतो. मुलांना हे दाखवलं की त्यांना फार आवडतं.

हे तीन प्रश्न सगळीकडे पुरत नाहीत, हे आधीच सांगते. एस.टी.त बसलेला माणूस ‘ऑन द बस’ असतो आणि रिक्षात बसलेला ‘इन द रिक्षा’. मी मुलांना सांगते, ज्या गाडीत उभं राहून चालता येतं तिथे ऑन, जिथे वाकून शिरून बसावंच लागतं तिथे इन. बस, रेल्वे, विमान एका बाजूला, कार-रिक्षा दुसऱ्या बाजूला. चौथीला इतकं पुष्कळ झालं.

आता ‘टेबल ऑन’चं बघू. यावर कात्रीने जेवढा फरक पडतो तेवढा समजावण्याने पडत नाही. कागदाच्या पट्टीवर ‘टेबलावर’ लिहा. तिलाच ‘वर’ कापायला सांगा. हातात दोन तुकडे आले, ‘टेबला’ आणि ‘वर’. आता ‘वर’चा तुकडा उचलून डावीकडे ठेवायला लावा. ‘वर – टेबला’. ती हसेल, हसू द्या. मग ‘वर’ उलटा करून मागे ‘ऑन’ लिहायचं आणि ‘टेबला’ उलटा करून ‘द टेबल’. असं तिने स्वतः कापून दहा-बारा शब्दांचं केलं, डब्यामध्ये, झाडाखाली, दाराजवळ, की हाताला सवय लागते: मराठीत शेपटीला असतं ते इंग्रजीत तोंडाशी येतं. शब्दयोगी अव्यय हे नाव तिने शाळेत ऐकलं असेल किंवा लवकरच ऐकेल. शब्दाला जोडून येतं म्हणून शब्दयोगी. इंग्रजीतलं सुटं असतं आणि नामाच्या आधी चालतं, एवढाच फरक सांगायचा. ‘टेबला’तला ‘आ’ कुठे गेला असं एखादी चौकस पोर विचारते. सामान्यरूप इंग्रजीत नसतं, त्याला सुट्टी, असं मी सांगायचे.

पट्ट्या झाल्या की चिंचोके घ्या. मूठभर पुरतात. एक चिंचोका मुठीत बंद करायचा, ‘इन माय हँड’. तळहात उघडून त्यावर ठेवायचा, ‘ऑन माय हँड’. जमिनीवर ठेवून वर हात झाकायचा, ‘अंडर माय हँड’. आधी तुम्ही बोला आणि तिने फक्त करायचं. ‘पुट इट अंडर द कप. पुट इट इन द शू.’ चार-पाच दिवस तिने तोंडही उघडलं नाही तरी चालेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी साठच्या दशकात हीच पद्धत मांडली होती, आधी ऐकून अंगाने करा, बोलणं मागून येईल. आमच्याकडे प्रशिक्षणात हे बऱ्याच उशिरा आलं, पण चिंचोके आधीपासून होते. मग भूमिका बदलायची, ती हुकूम सोडेल आणि तुम्ही करायचं. मुद्दाम चुकायचं. तिने ‘ऑन’ म्हटलं की तुम्ही कपाखाली ठेवा. ती ओरडून सुधारेल, आणि ओरडताना ‘ऑन द कप’ आपोआप क्रमाने येईल. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. घोकंपट्टीचा तो अर्धा तास तेवढा बंद करा.

आता अनेकवचन. इथे मला एक खेळ फार आवडतो. फळ्यावर कसलंही विचित्र जनावर काढायचं आणि सांगायचं, हा एक गुबडा. शेजारी तसंच दुसरं काढायचं. आता हे दोन...? अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, ‘गुबडे!’ गुबडा जगात नाही, कोणी शिकवलेला नाही, तरी घोडा-घोडे, गुबडा-गुबडे. मग म्हणायचं, ही एक टिमकुली. दोन? ‘टिमकुल्या!’ हे झाल्यावर सांगायचं, आता हाच खेळ इंग्रजीत. धिस इज अ टिग. टू...? जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने १९५८ साली असंच एक काल्पनिक पाखरू काढून त्याला ‘वग’ नाव दिलं होतं आणि मुलं दोन पाखरांना काय म्हणतात ते तपासलं होतं. मूल पाठांतर सांगतंय की त्याला नियम समजलाय, हे खोट्या शब्दावर चटकन कळतं. तुमच्या मुलीला आज रात्री विचारा. ‘टिग्झ’ म्हणाली तर नियम तिच्याकडे आहे, फक्त लिहिताना गळतो.

तो का गळतो याचं एक कारण मला वह्या तपासून तपासून सापडलं. मुलं ‘फाइव्ह पेन’, ‘थ्री बेंच’, ‘टू बॉक्स’ लिहितात, पण ‘टू कॅट’ त्या मानाने कमी. कारण पेन, बेंच, बॉक्स, कप हे आपले मराठीच शब्द झालेत, आणि मराठीत ते बहुतेक वेळा बदलत नाहीत. ‘दोन पेन दे’, ‘तीन कप चहा’. शेवटी ‘आ’ नसलेल्या आपल्या पुल्लिंगी शब्दांची रीतच आहे ती, एक दगड, दहा दगड. एक लाडू, चार लाडू. म्हणजे ‘फाइव्ह पेन’ लिहिताना ती इंग्रजी लिहीतच नसते, मराठी लिहीत असते. याच्या उलटही होतं. इंग्रजीतून अनेकवचनासकट आलेले शब्द आपण एकवचनी करून टाकलेत, ‘एक लेडीज उतरली’, ‘माझा एक सॉक्स सापडत नाही’. म्हणून अशा मराठीत मुरलेल्या शब्दांची तिच्याबरोबर वेगळी यादी करा. घरात हिंडून शोधायचे. पेन, कप, ग्लास, टेबल, बॅग, बटण. सगळ्यात जास्त ‘एस’ तिथेच गळतो, तेव्हा सराव त्यांचाच.

आणि एक गोष्ट, जी मला नोकरीच्या दहाव्या-बाराव्या वर्षी उमगली. ‘दगड’ एकटा असेपर्यंत एक-अनेक सारखा. पण ‘दगडाखाली विंचू’ आणि ‘दगडांखाली विंचू’ यात फरक आहे, नीट म्हटलं तर ऐकूही येतो. त्या एका अनुस्वारात अनेकवचन बसलंय. म्हणजे जागा आणि संख्या मराठी मूल एकाच शब्दात, एका दमात सांगतं. इंग्रजीत त्याचे तुकडे करावे लागतात: ‘अंडर’ आधी, ‘स्टोन’ नंतर, आणि संख्या अगदी शेवटी, ‘अंडर द स्टोन्झ’. तुमची मुलगी ज्या वाक्यावर अडलीये तिथे या दोन्ही गोष्टी एकदम आल्यात. म्हणून सुरुवातीला एकदम घेऊ नका. जागा शिकवताना चिंचोका एकच. अनेकवचन शिकवताना सगळे चिंचोके नुसते जमिनीवर पसरलेले, फक्त मोजायचे. दोन्ही वेगवेगळं सहज यायला लागलं की मग ‘थ्री सीड्झ इन द कप’.

या ‘एस’चा उच्चार तीन तऱ्हांनी होतो, तेवढं कानावर पडू द्या. ‘बुक्स’, ‘कप्स’ला साधा स. ‘पेन्झ’, ‘डॉग्झ’ला झ, आणि हा झ ‘माझा’ म्हणताना येतो तो, ‘माझी’तला नव्हे. ‘बॉक्सिझ’, ‘बेंचिझ’ला शेवटी एक जास्तीचा ठोका, आणि जिथे हा ठोका ऐकू येतो तिथे लिहिताना ‘ईएस’. नियम म्हणून पाठ करून घेऊ नका. तुम्ही बरोबर म्हणत राहा, तिने ऐकून म्हणायचं.

‘इज-आर’ला फार वेळ लागू नये, कारण आहे-आहेत तिला येतंच. अडचण फक्त बाबा, आजी आणि बाईंची. तिला सरळ सांगा, इंग्रजीत ‘अहो’ नाही, आजोबांनाही ‘इज’. हे ऐकून मुलांना जरा धक्का बसतो, पण एकदा बसला की विसरत नाहीत.

एक बारकावा राहिला. ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ ही मराठीत दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात पुस्तक आधीच माहीत असतं, ते शोधायचं असतं. दुसऱ्यात टेबलावर काय दिसतंय ते सांगायचं असतं. दुसऱ्यासाठी इंग्रजीत ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’. या ‘देअर’चा अर्थ ‘तिथे’ असा सांगू नका, मुलं गोंधळतात. चित्रात काय काय दिसतंय ते सांगायला सुरुवात या शब्दांनी, इतकंच. तुमच्या मुलीच्या वाक्याला खरं म्हणजे हेच हवं होतं: ‘देअर आर फाइव्ह बुक्स ऑन द टेबल.’

वही तपासताना एका दिवशी एकाच प्रकारच्या चुका बघा. आज फक्त ‘एस’, उद्या फक्त ‘ऑन’ची जागा. सगळं लाल केलं की मूल लहान वाक्यं लिहायला लागतं, कारण तिथे चुकायला जागा कमी. ‘द’ विसरली तर तूर्त कानाडोळा करा. हार्वर्डच्या रॉजर ब्राऊन यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या तीन मुलांचं बोलणं टिपून १९७३ साली त्याचा क्रम मांडला. त्यात ‘इन’, ‘ऑन’ आणि अनेकवचनाचा ‘एस’ अगदी सुरुवातीला येतात, ‘अ’-‘द’ बरेच मागून आणि ‘शी गोज’मधला ‘एस’ त्याच्याही मागून. आपली मुलं इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकतात, त्यांचा क्रम थोडा वेगळा पडतो. पण कशासाठी आत्ता भांडायचं आणि काय वर्षभर पुढे ढकलायचं, हे ठरवायला मला त्याचा उपयोग झाला.

क्लासचं म्हणाल तर तिथे वस्तू हातात देऊन शिकवत असतील तर लावा. तक्ता आणि प्रश्नपत्रिका असतील तर ते तुम्ही घरी करून पाहिलंच आहे. दीड-दोन महिने चिंचोके करून बघा, मग ठरवा.

आणि ‘माय हेअर्स आर ब्लॅक’ लिहून आणलं तर हसून सोडून द्या. ‘केस काळे आहेत’ हे तिचं मराठी अगदी बरोबर आहे. हेअर, मनी, फर्निचर ही मंडळी ‘एस’ का घेत नाहीत, ते पाचवीत बघू.